अवयवदानाला आम्ही नाही म्हटले, कारण कुणी मराठीत सांगितलेच नाही : बेळगाव जिल्ह्यातील रुग्णालये आणि आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातील आयसीयू असलेल्या सर्व रुग्णालयांचे व्यवस्थापक
आणि आरोग्य खात्याचे जिल्ह्यातील व बेंगळूरचे अधिकारी

महोदय,

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो. त्या निमित्ताने आमच्या भागात एखादा कार्यक्रम होतो. यंदाच्या कार्यक्रमात व्यासपीठावरच्या एका साहेबांनी आधी दधिची ऋषींची गोष्ट सांगितली आणि मग म्हणाले, या सीमाभागातले लोक अजून अंधश्रद्धेत अडकलेले आहेत, म्हणून इथे अवयवदानाला नकार मिळतो. टाळ्या झाल्या, चहा झाला, फोटो झाले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. साहेबांचे नाव लिहीत नाही. असे बोलणारे ते एकटे नाहीत.

नकार देणाऱ्यांत माझे घरही आहे, म्हणून हे पत्र.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. धाकटा भाऊ रोज मोटरसायकलने बेळगावला कामाला जायचा. एका संध्याकाळी परत येताना अपघात झाला, डोक्याला मार लागला. शहरातल्या एका रुग्णालयात त्याला दाखल केले. त्या रुग्णालयाचे नाव घेणार नाही, कारण जे झाले ते जिल्ह्यात कुठेही झाले असते. मी तेव्हा मुलीकडे पुण्याला होते. पोहोचेपर्यंत सगळे उरकले होते. पुढचे मी आई, भावजय आणि चुलत्यांकडून ऐकलेले आहे, आणि तिघांचे सांगणे एकमेकांशी जुळते.

मेंदू गेला असे डॉक्टरांनी सांगितल्यावर एक तरुण समुपदेशक बोलायला आला. मुलगा चांगला होता, आवाज मवाळ होता, घाई करत नव्हता, असे आईच म्हणते. पण त्याला कन्नड आणि इंग्रजी येत होते, मराठी नाही. आमच्या आईला मराठीच येते. भावजय सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. गोकाककडच्या एका नर्सताईंनी मोडक्या मराठीत मदत करायचा प्रयत्न केला. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्यांची ड्यूटी संपली आणि त्या गेल्या. मग भावजयीपुढे कन्नड आणि इंग्रजीतला एक छापील कागद आला. सही कुठे करायची तिथे पेनने गोल केलेला होता. तिने विचारले, यात काय लिहिलंय? उत्तरात "डोनेशन" हा एकच शब्द तिच्या कानाला कळला.

तिने सही केली नाही. मला विचाराल तर तिने योग्य केले. काय लिहिले आहे ते कळत नसताना सही करू नये, हे मी तीस वर्षे वर्गात शिकवत आले.

आमच्या माणसांनी त्या रात्री विचारलेले प्रश्न मी वहीत लिहून ठेवले आहेत. ते वाचा आणि यात अंधश्रद्धा कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

आईचा प्रश्न : "छाती हालतीय की पोराची. अंग गरम हाय. मग गेला म्हणून कसं म्हणताय?"

याहून रास्त प्रश्न असूच शकत नाही. याचे उत्तर मला नंतर वाचून कळले आणि ते पाच मिनिटांत सांगता येते. श्वास आपोआप चालू ठेवणारा भाग मेंदूच्या बुंध्याशी, म्हणजे ब्रेन स्टेममध्ये, असतो. तो एकदा मेला की माणूस स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही आणि पुन्हा कधीच घेणार नाही. छाती हालते ती व्हेंटिलेटरमुळे, लोहाराच्या भात्याने हवा भरावी तशी. हृदयाला ठोके देण्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. प्राणवायू मिळतो तोवर ते काही काळ चालते, म्हणून अंग गरम राहते. कोमा वेगळा. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो आणि तो परत येऊ शकतो. ब्रेन स्टेम मृत्यूतून कोणी परत येत नाही.

आणि हे कुणी एकटा डॉक्टर ठरवत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने तपासणी करायची असते. ती दोनदा, मध्ये किमान ६ तास सोडून. डोळ्यांत उजेड टाकून बाहुली आकसते का, कानात थंड पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, आणि शेवटी व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून रुग्ण स्वतःहून एक तरी श्वास घेतो का. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला एकही डॉक्टर या चौघांत चालत नाही. हे सगळे फॉर्म १० वर लिहिले जाते. आईला हे मराठीत सांगितले असते तर ती रडली असती, पण तिला कळले असते. तिने आयुष्यभर गुरेढोरे, बाळंतपणे आणि मरणे जवळून पाहिली आहेत. शरीर म्हणजे काय हे तिला तुमच्या-माझ्याइतकेच माहीत आहे.

चुलत्यांचा प्रश्न : "अपघाताची केस. पीएम होणारच. म्हंजे पोराला दोनदा चिरायचं काय?"

अपघाताच्या मृत्यूत पोलीस आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांची संमती घेऊन अवयव काढता येतात. मृत्यूचे कारण शोधण्यात अडथळा येणार नाही, एवढी काळजी घ्यावी लागते. अवयव काढताना शस्त्रक्रियेसारखीच चीर घेतात, टाके घालतात आणि देह नीट शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात. अंघोळ घालता येते, कपडे घालता येतात, नेहमीसारखा अंत्यविधी होतो. हे त्यांना कळले असते तर चुलते स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन बसले असते. तसे ते माणूस आहेत.

भावजयीचा प्रश्न : "बिल किती वाढंल?"

तिने हे विचारले म्हणून कुणी नाक मुरडू नये. दोन पोरे, भावाचा पगार बंद, दागिना गहाण. कायद्याचे नियम सांगतात की संमती दिल्यानंतर अवयव टिकवण्याचा, काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकायचा नाही. त्या कागदावर हे असेलही. ते तिला वाचून दाखवणारे कोणी नव्हते.

आणखी काही प्रश्न होते. अवयव कुणाला जाणार? पैसेवाल्याला विकतील का? यादीप्रमाणे जातो. रक्तगट, तब्येतीची निकड, किती काळ वाट पाहिली, हे बघून राज्याची ‘जीवसार्थकते’ ही यंत्रणा ठरवते. विकला तर २०११ च्या दुरुस्तीनंतर ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. घेणारा कोण ते कुटुंबाला सांगत नाहीत, आणि घेणाऱ्याला दाता कोण तेही सांगत नाहीत. पुढच्या जन्मी अवयव नसलेला जन्मेल का, हाही प्रश्न एका शेजारणीने विचारला. एवढ्या सगळ्यांत अंधश्रद्धेचा म्हणावा असा तो एकच प्रश्न, आणि त्याचे उत्तर आमच्या गल्लीतल्या माळकरी आजोबांनीच दिले : देह इथेच जळणार, वर जाताना मूत्रपिंड कोण घेऊन जातो?

महोदय, आता तक्रारी.

पहिली आणि मोठी तक्रार भाषेची. हे पत्र सीमाप्रश्नाचे नाही. माझा कन्नडला विरोध नाही. मला कन्नड वाचता येते आणि माझ्या शाळेतली पोरे कन्नड शिकूनच बाहेर पडली. २०२१ च्या जूनमध्ये कन्नड अभिनेते संचारी विजय मोटरसायकल अपघातात ब्रेन डेड झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी अवयव दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कन्नड सिनेमाचे नायक पुनीत राजकुमार, सगळ्यांचे अप्पू, गेले आणि त्यांच्या डोळ्यांनी चौघांना दृष्टी मिळाली. त्या बातम्या आमच्या गावातल्या मराठी पोरांनीही एकमेकांना पाठवल्या. अप्पू आमचाही होता. पण त्या घरच्यांशी बोलणारे त्यांच्या भाषेत बोलले असणार. आम्ही तेवढेच मागतो.

भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने मान्य केलेले धोरण असे की जिथे त्यांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही द्यायचे. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत मराठी माणसे किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. रेशनच्या रांगेत दुसऱ्या भाषेतला कागद आला तर आम्ही कुणाला तरी विचारून निभावतो. आयसीयूच्या दारात, पोटचे पोर आत असताना, कुणाला विचारायचे? न समजता दिलेला होकार कायद्याला चालत नाही. न समजता दिलेला नकार मात्र तुम्हाला चालतो, आणि वर त्याचे खापर आमच्यावर फुटते. तो नकार नोंदवताना कारणाच्या रकान्यात काय लिहिता? "कुटुंब तयार नाही"? मराठी बोलणारा माणूस हजर नव्हता, असे कुणी लिहिले आहे का?

दुसरी तक्रार कोऑर्डिनेटरची, म्हणजे दात्याच्या घरच्यांशी बोलणाऱ्या समन्वयकाची. २०११ च्या दुरुस्तीने अवयव काढण्याची नोंदणी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक बंधनकारक केला. २०१४ च्या नियमांत त्याची पात्रता दिली आहे. वैद्यकाची कुठलीही मान्य पदवी, किंवा नर्सिंग, किंवा कोणतीही पदवी आणि शक्यतो समाजकार्य, समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा विषयातले पुढचे शिक्षण. म्हणजे बेंगळूरहून तज्ज्ञ आणायची गरज नाही. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण, झालेली, मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने बोलणारी मुले-मुली बेळगावात नोकरी शोधत फिरत आहेत. माझे दोन माजी विद्यार्थी त्यांत आहेत. शिफारस करत नाही, फक्त सांगते.

तिसरी तक्रार नेत्रदानाच्या सहा तासांची, आणि ती मला सर्वांत जास्त टोचते, कारण ती रोजच्या मरणाशी जोडलेली आहे. ब्रेन डेड होऊन आयसीयूत मरणारे थोडे. आमच्याकडे बहुतेक माणसे घरीच जातात, म्हातारपणाने, आपल्या अंथरुणात. त्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड घेता येत नाही, कारण रक्ताभिसरण थांबल्यावर ते लगेच बिघडतात. पण डोळे देता येतात. वयाची अट जवळजवळ नाही. चष्मा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, साखर-बीपी असो, चालते. एचआयव्ही, हेपटायटिस, रेबीज, रक्तात जंतुसंसर्ग, रक्ताचा कॅन्सर अशा मोजक्या कारणांनी नाकारतात. काम १५-२० मिनिटांचे, घरीच होते, चेहरा विद्रूप होत नाही. फक्त मृत्यूनंतर ६ तासांच्या आत व्हावे लागते.

आता कणकुंबीच्या वरच्या अंगाला एखादी आजी पहाटे तीनला गेली असे धरा. पावसाळा आहे, लाइट नाही, मोबाइलला रेंज यायला कुणाला तरी टेकडीवर पाठवावे लागते. फोन लागला तर पलीकडून कन्नडमध्ये विचारणा. टीम बेळगावातून निघणार, जांबोटीचा घाटरस्ता, झाड पडलेले. आजी बिचारी तयार होती, पोरे तयार होती, सहा तास मात्र थांबत नाहीत. २०११ च्या दुरुस्तीनंतर डोळे काढायला डॉक्टरच हवा असे नाही, प्रशिक्षित तंत्रज्ञालाही ते काम करता येते. मग खानापूरच्या तालुका रुग्णालयात आणि नंदगड, बिडी, लोंढा, जांबोटी, कणकुंबीसारख्या ठिकाणांच्या आसपास असा एकेक माणूस तयार का नाही? पंधरवड्याच्या फ्लेक्सवर खर्च होतो त्यात एकाचे प्रशिक्षण निघेल, असा माझा अंदाज आहे. शिक्षिकेचा हिशेब आहे, चुकला तर सांगा.

टीम येईपर्यंत घरच्यांनी काय करायचे हेसुद्धा कुणी गावात सांगत नाही. पापण्या मिटायच्या, वर ओला स्वच्छ कापूस ठेवायचा, डोके उशीवर थोडे उंच करायचे, पंखा बंद ठेवायचा. एवढे आशाताईंनी भजनी मंडळात किंवा बचत गटाच्या बैठकीत एकदा सांगितले तर कायमचे लक्षात राहील. गावातल्या बायका ऋषींच्या गोष्टीपेक्षा अशी कामाची गोष्ट नीट धरून ठेवतात.

चौथी तक्रार छोटी. तुमच्या प्रचारात नेत्रदान, अवयवदान आणि देहदान एकत्र कालवलेले असते. लोकांना वाटते डोळे दिले की देहही द्यावा लागतो आणि अंत्यसंस्कार होत नाहीत. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाला, शरीररचनेच्या वेगळ्या कायद्याखाली. नेत्रदानानंतर देह घरीच राहतो. एक ओळ छापा, पुष्कळ घरे मोकळी होतील. प्रतिज्ञा कार्डाचेही तसेच. फॉर्म ७ भरला, नाव नोंदवले, कार्ड पाकिटात घातले, तरी मृत्यूनंतर प्रत्यक्षात घरच्यांची संमती घेतल्याशिवाय पुढचे काही होत नाही. म्हणून कार्यक्रमात कार्डे वाटून थांबू नका. घरी जाऊन सांगा, जेवताना बोला, असे लोकांना सांगा.

आणि एक खास आमच्या सीमेचा गोंधळ. इथली माणसे उपचाराला बेळगावात जातात तशी कोल्हापूर-मिरजेला जातात, गोव्यालाही जातात. तिथे काही झाले तर आमचे नियम लागतील की त्यांचे, असे लोक विचारतात. कायदा एकच आहे. अवयव ज्या राज्यात काढला त्या राज्याच्या यादीतून पुढे जातो. अवयव वाटपासाठी कर्नाटक चेन्नईच्या विभागात आणि महाराष्ट्र-गोवा मुंबईच्या विभागात, एवढाच फरक. २०२३ मध्ये केंद्राने अवयव मिळवण्यासाठी रहिवासी दाखल्याची अट काढून टाकायला सांगितले आणि नोंदणीला ६५ वयाची मर्यादाही उठवली. हे आमच्यासारख्या दोन राज्यांत ये-जा करणाऱ्या लोकांसाठी मोठे आहे. आमच्या तालुक्यात ते कुणी सांगितल्याचे मी ऐकलेले नाही.

मागण्या अशा :

संमतीचे आणि माहितीचे सर्व कागद कन्नड-इंग्रजीबरोबर मराठीत छापून जिल्ह्यातल्या प्रत्येक आयसीयूत ठेवा. नव्याने लिहायची गरज नाही. कोगनोळी नाका ओलांडला की पलीकडचे महाराष्ट्र सरकार हीच माहिती मराठीत देते. कायदा तोच, फॉर्म तेच.

मराठी बोलणारा समन्वयक किंवा समुपदेशक दिवसाच्या कोणत्याही वेळी, निदान फोनवर, मिळेल अशी सोय करा. अपघात वेळ बघून होत नाहीत.

नकाराच्या नोंदीत एक रकाना वाढवा : कुटुंबाशी कोणत्या भाषेत बोललो. वर्षाच्या शेवटी तो आकडा जाहीर करा. अंधश्रद्धा किती आणि भाषा किती, ते आपोआप दिसेल.

खानापूर तालुक्यात डोळे काढण्याचे प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ नेमा, पावसाळ्यात त्यांना वाहन द्या, आणि १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर मराठीत उत्तर मिळेल याची खात्री करा.

व्यासपीठावरून आमच्या लोकांना अंधश्रद्ध म्हणणे थांबवा. ज्या साहेबांनी ते म्हटले त्यांनी माफी मागावी अशी माझी मागणी नाही. पुढच्या वर्षी त्यांनी दधिचीच्या जागी व्हेंटिलेटर समजावून सांगावा.

मराठी मजकूर तपासायचे काम मी आणि आमच्या तालुक्यातले चार-पाच निवृत्त शिक्षक फुकट करून देऊ. वैद्यकीय शब्द तुमच्या डॉक्टरांनी बघावेत, वाक्ये आम्ही बघू. या पत्राची प्रत पोस्टाने पाठवली आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे माझे गाऱ्हाणे मराठीत द्यायचा मला अधिकार आहे. तुमचे उत्तर कन्नडमध्ये आले तरी चालेल, मी ते मराठीत करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावीन. दिवाळीपर्यंत उत्तर यावे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव